बुडणार की तरंगणार? घनतेचा हिशेब

कृष्णेच्या पात्रातला बोटभर खडा पाण्यात टाकला की तळ गाठतो. त्याच पाण्यावरून पुरात दोनशे किलोचा ओंडका सहज वाहत जातो. म्हणजे निव्वळ वजनावरून बुडणे-तरंगणे ठरत नाही. ते ठरते घनतेवरून. सातारा-सांगलीकडच्या शेतात, दूध संकलन केंद्रात, गुऱ्हाळावर आणि पुराच्या पाण्यात या एकाच नियमावर रोज कुणाचे तरी काम चाललेले असते. पाठ्यपुस्तकातला हा धडा आपल्या हाताखालचा आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

घनता म्हणजे काय

ठरावीक जागेत किती वस्तुमान मावले आहे, ती घनता. एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलो, म्हणून पाण्याची घनता १ धरतात आणि इतर पदार्थांची तुलना तिच्याशी करतात. या तुलनेला सापेक्ष घनता म्हणतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची ती सुमारे २.९, लोखंडाची ७.९, सागाच्या वाळलेल्या लाकडाची ०.६५ च्या आसपास आणि खाद्यतेलाची ०.९२. पांगाऱ्याचे लाकूड तर याहूनही हलके. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधतात, तो याच गुणामुळे.

नियम सोपा आहे. वस्तूची घनता द्रवापेक्षा कमी असेल तर ती तरंगते, जास्त असेल तर बुडते आणि दोन्ही सारख्या असतील तर द्रवात अधांतरी राहते. पाण्यात बुडणारे लोखंड पाऱ्यावर मात्र तरंगते, कारण पाऱ्याची घनता १३.६ आहे. निकाल एकट्या वस्तूचा नसतो, वस्तू आणि द्रव या जोडीचा असतो.

पाणी वर का ढकलते

पाण्यात जितके खोल जावे तितका दाब वाढतो. त्यामुळे बुडालेल्या वस्तूच्या वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूवर जास्त दाब पडतो आणि वस्तू वर ढकलली जाते. हे प्लावक बल. वस्तूने जितका द्रव बाजूला सारला, त्या द्रवाच्या वजनाइतकेच ते असते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने हे मांडले.

नदीतून दगड काढणाऱ्याला हे हाताने कळते. तीस किलोचा काळा दगड पाण्यात सुमारे दहा लिटर जागा व्यापतो, म्हणून पाण्याखाली तो वीस किलोचाच भासतो. पृष्ठभागावर आला की बाकीचे दहा किलो हाताला जाणवतात.

मिठाचे पाणी आणि बियाण्याची निवड

वस्तू तीच ठेवून द्रव बदलला तर निकाल बदलतो. शेतकरी बियाणे निवडताना नेमके हेच करतात. पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या भात पट्ट्यात तरवा टाकण्याआधी भाताला तीन टक्के मिठाच्या द्रावणाची बीजप्रक्रिया करण्याची शिफारस असते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात बी ओतून ढवळायचे. द्रावणाची घनता सुमारे १.०२ होते. पोचट, रोगट, अर्धे भरलेले दाणे वर येतात आणि टपोरे दाणे तळाशी बसतात. वरचे काढून टाकायचे, तळाचे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. धुण्यात हयगय करू नये, कारण बियाण्यावर राहिलेले मीठ उगवणीला मारक ठरते.

माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरडवाहू भागात बाजरीवर अरगट रोग येतो. त्याच्या बुरशीच्या गाठी बियाण्यात मिसळलेल्या असतात. त्या पोचट दाण्यांपेक्षा जड असल्यामुळे तीन टक्क्यांचे द्रावण त्यांना वर आणायला पुरत नाही. म्हणून तिथे वीस टक्क्यांचे द्रावण सांगतात, म्हणजे दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ. घनता १.१२ च्या घरात जाते, गाठी तरंगतात आणि निरोगी बाजरी खाली राहते. जे वेगळे करायचे त्याच्या घनतेप्रमाणे द्रव घडवायचा, हे या दोन शिफारशींमागचे गमक आहे.

दुधाची डिग्री

भिलवडीला १९३९ साली सुरू झालेल्या चितळे यांच्या दूध व्यवसायापासून आजच्या गावोगावच्या संकलन केंद्रांपर्यंत या भागाचे मोठे अर्थकारण दुधावर चालते. तिथे लॅक्टोमीटर नावाची काचेची नळी वापरतात. तिचे बूड वजनदार असते आणि वरच्या बारीक दांडीवर आकडे असतात. द्रवाची घनता जास्त असेल तर नळी कमी बुडते, कमी असेल तर जास्त. या आकड्यालाच डिग्री म्हणतात. ३० डिग्री म्हणजे सापेक्ष घनता १.०३०.

अशा दुधात दहा टक्के पाणी घातले की घनता १.०२७ वर येते. म्हणजे डिग्री तीनने घटते. पण एवढ्यावर विसंबून चालत नाही. दुधातला स्निग्धांश, म्हणजे फॅट, पाण्याहून हलका असतो. म्हणूनच साय वर येते. साय काढून घेतली की उरलेल्या दुधाची घनता आणि डिग्री वाढते. मग त्यात पाणी घातले तर डिग्री पुन्हा चांगल्या दुधासारखी दिसू शकते. डिग्रीबरोबर फॅट तपासावीच लागते, ती यासाठी. शिवाय दूध कोमट असेल तर घनता घटते, म्हणून मापन ठरलेल्या तापमानाला व्हायला हवे. हे साधे कारण उत्पादकाला माहीत असेल तर केंद्रावरच्या आकड्याबद्दल तो ठामपणे प्रश्न विचारू शकतो.

गुऱ्हाळावरची मळी

उसाच्या रसात साखर विरघळलेली असते, म्हणून तो पाण्याहून दाट असतो. वीस ब्रिक्सच्या, म्हणजे वजनाने सुमारे वीस टक्के साखर विरघळलेल्या रसाची घनता सुमारे १.०८ भरते. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स मोजायचे हायड्रोमीटर लॅक्टोमीटरच्याच तत्त्वावर चालते. गुऱ्हाळावर रस तापू लागला की त्यात भेंडीच्या रोपांचे चिकट पाणी सोडतात. रसातला बारीक मळ त्या चिकटपणाला धरतो, त्यात वाफेचे आणि हवेचे बुडबुडे अडकतात आणि सगळे मिळून रसापेक्षा हलके होते. मळीचा जाड थर वर येतो, मग तो झाऱ्याने काढता येतो. गुळाचा रंग या सफाईवर बराच अवलंबून असतो.

लोखंडी काहील पाण्यावर कशी राहते

आता द्रव तोच ठेवून वस्तू बदलू. ज्या काहिलीत गूळ शिजतो, तीच पुराच्या वेळी नाव म्हणून वापरल्याचे कृष्णा-वारणाकाठच्या लोकांनी पाहिले आहे. पत्रा लोखंडाचा असला तरी काहिलीच्या आत हवा असते. हिशेबात पत्रा आणि हवा दोन्ही धरावी लागतात. समजा, काहिलीचे वजन १५० किलो आणि आतली जागा हजार लिटर. तिची सरासरी घनता ०.१५ झाली. साठ किलोची चार माणसे बसली तर एकूण वजन ३९० किलो. तेवढे वजन तोलायला ३९० लिटर पाणी बाजूला सारावे लागते, म्हणजे निम्म्याहून अधिक काहील पाण्याच्या वर राहते. आत पाणी शिरले की मात्र हवेची जागा पाणी घेते, सरासरी घनता वाढत जाते आणि एकपेक्षा जास्त झाली की काहील बुडते.

तरंगणारी नावही उलटते

घनतेचा हिशेब बसला म्हणजे नाव सुरक्षित झाली, असे मात्र नाही. माणसे एका बाजूला सरकली किंवा उभी राहिली तर भाराचा मध्य हलतो आणि तरंगणारी नाव कलंडते. भार जास्त असेल तर नावेची कड पाण्यालगत येते, मग थोडेसे कलणेही पाणी आत यायला पुरते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्या दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. नावेची क्षमता पाळणे, सर्वांनी खाली बसणे आणि भार दोन्ही बाजूंना सारखा ठेवणे यांना पर्याय नाही.

माणसाचे शरीर

छातीत हवा भरलेली असताना माणसाची घनता एकपेक्षा किंचित कमी असते. श्वास सोडला की ती एकच्या वर जाते. फरक इतका थोडा असल्यामुळे तरंगत राहायला थोडासाच आधार लागतो. पाच लिटर आकारमानाचा, अर्धा किलो वजनाचा सुकवलेला भोपळा साडेचार किलो उचल देतो, आणि नाक-तोंड पाण्याबाहेर राहायला एरवी तेवढी उचल पुरते. लाइफ जॅकेट हेच काम करते, शिवाय थकलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड वर ठेवण्याच्या बेताने ते बनवलेले असते.

बंधाऱ्याखाली जिथे पाणी फेसाळते, तिथे हा हिशेब उलटतो. पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळल्याने पाण्याचीच घनता कमी होते. एरवी तरंगणारा पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो आणि उलटा भोवरा त्याला वर येऊ देत नाही. बंधाऱ्याखालच्या पांढऱ्या पाण्यात म्हणूनच कधीही उतरू नये.

घरी करून पाहा

पेलाभर पाण्यात तासगावकडचे पिकलेले द्राक्ष टाका. त्यात साखर भरपूर असल्याने ते बुडेल. आता एकेक चमचा मीठ घालून हळूहळू विरघळवत जा. चार-सहा चमच्यांनंतर मणी तळ सोडून वर येऊ लागेल. त्याच पाण्यात एक कच्चा, आंबट मणी टाकून पाहिला तर तो कमी मिठातच तरंगतो, कारण त्यात साखर कमी. मुलांना आधी अंदाज करू द्या, मग मीठ घाला. कुठला मणी किती चमच्यांना वर आला ते त्यांना लिहून ठेवायला सांगा. भाताच्या बियाण्याची आणि दुधाच्या डिग्रीची परीक्षाही अशीच चालते, हे त्या नोंदीवरून त्यांना आपोआप कळेल.