सांगोल्याचे आमदार

विधानसभेचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी मतदारसंघात एकच चर्चा सुरू होते : आपल्या आमदाराला मंत्रिपद मिळणार का? महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे राज्यात फार तर ४३ मंत्री होतात. विधान परिषदेतले मंत्री बाजूला ठेवले, तरी २४५ आमदारांच्या वाट्याला मंत्रिपद कधीच येणार नाही, हे गणित निकालाआधीच ठरलेले असते. मंत्रिपद हीच यशाची कसोटी मानली, तर आपण दर पाच वर्षांनी बहुसंख्य लोकप्रतिनिधींना अपयशी ठरवूनच निवडून देतो, असा त्याचा अर्थ होतो. ही कसोटी चुकीची आहे. आमदाराचे पद स्वतःच्या बळावर पुरेसे मोठे आहे आणि ते नीट वापरले तर सत्तेबाहेर राहूनही राज्याच्या कारभाराला वळण देता येते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांची कारकीर्द याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा अवर्षणग्रस्त पट्ट्यातला तालुका. माणदेशातून येणारी माण नदी या तालुक्यातून वाहते, पण वर्षाचा बराच काळ ती कोरडीच असते. पेशाने वकील असलेले गणपतराव १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) तिकिटावर येथून पहिल्यांदा निवडून आले. १९६७ ला पुन्हा जिंकले, १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग विजय मिळाल्यावर १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी त्यांचा पराभव झाला. मग १९९९, २००४, २००९ आणि ऐंशी उलटल्यावर २०१४. तेरा लढतींत अकरा विजय आणि सुमारे पन्नास वर्षे सभागृहात. पक्ष एकच, मतदारसंघ एकच. या काळात ते दोनदा मंत्री झाले : १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही मिळून हा काळ पाच वर्षांच्या आतला आहे. काही काळ ते विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. बाकी सगळी वर्षे विरोधी बाकांवरचा साधा आमदार, एवढीच त्यांची ओळख होती. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेकांनी आठवण काढली ती त्यांच्या साधेपणाची आणि एसटीने प्रवास करण्याच्या सवयीची. एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असते आणि गणपतराव ते खरोखर वापरत. हा साधेपणा आदरणीय आहेच. पण त्याच्याच कौतुकात रमलो, तर पन्नास वर्षे त्यांनी सभागृहात केले काय, हा खरा प्रश्न मागे पडतो.

त्यासाठी विरोधी आमदाराच्या हाती असते काय, ते जवळून पाहायला हवे. समजा, एखाद्या तालुक्यात रोजगार हमीच्या मजुरांची मजुरी थकली आहे. आमदार अधिवेशनाच्या बऱ्याच आधी विधानमंडळ सचिवालयाकडे तारांकित प्रश्न पाठवतो. तो नियमात बसला की संबंधित विभागाकडे जातो. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडून जिल्हाधिकाऱ्याला, तिथून तहसीलदाराला विचारणा होते आणि महिनोन्‌महिने न हललेली फाइल शोधून काढावी लागते, कारण आता मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचे असते. अनेकदा मंत्री उत्तर देण्याआधीच मजुरी वाटली जाते. नाही वाटली, तर उपप्रश्न असतात. मंत्र्याने “तीन महिन्यांत काम पूर्ण करू” म्हटले की त्या वाक्याची नोंद होते आणि ते पाळले गेले की नाही, हे आश्वासन समिती तपासते. याशिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना आहेत, लोकलेखा समिती आणि अंदाज समिती आहे, अशासकीय विधेयक आहे. यातल्या एकाही आयुधासाठी सत्तेत असावे लागत नाही. त्यासाठी लागतो तो अभ्यास, नियमांची जाण आणि अधिवेशन संपेपर्यंत जागेवर बसण्याची तयारी. दुष्काळ, पाणी, रोजगार हमीची कामे आणि शेतमालाचे भाव हे विषय घेऊन गणपतराव या आयुधांनिशी अर्धशतक लढत राहिले.

त्यांच्या कारकिर्दीची खरी कसोटी पाण्याच्या प्रश्नावर लागते. सांगोला नीरा उजव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला येतो आणि कालव्याच्या टोकाला पाणी पोहोचणे किती कठीण असते, हे शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. बच्छावत लवादाने कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिले होते, पण ते नदीकाठच्या उसापलीकडे, उंचावरच्या कोरडवाहू तालुक्यांपर्यंत नेणे राज्याला परवडणारे नाही, असेच अनेक वर्षे मानले जाई. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या आणि १३ दुष्काळी तालुक्यांचे शेतकरी त्यात एकवटले. गणपतराव या लढ्याच्या अग्रभागी होते. रस्त्यावर उठलेली मागणी सभागृहाच्या कामकाजात नेणे आणि सभागृहातले उत्तर परिषदेत लोकांसमोर ठेवणे, असा हा दुहेरी मार्ग होता. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर नेणाऱ्या टेंभू योजनेचे पाणी पुढे माण नदीपर्यंत पोहोचले, त्यामागे हा रेटा आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले १९९६ साली, तेव्हा गणपतराव सभागृहातही नव्हते. शिवाय लवादाने दिलेले पाणी २००० सालापर्यंत वापरात आणले नाही तर हक्क अडचणीत येईल, ही धास्ती त्या निर्णयामागे होती. मग श्रेय त्यांचे कसे? आणि ते सत्ताधारी पक्षात असते तर हेच पाणी आधी आले नसते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की एवढ्या मोठ्या योजनेचे श्रेय कोणा एकाचे नसतेच. पण महामंडळाची घोषणा होणे आणि पंप सुरू होणे यांत वर्षानुवर्षांचे अंतर पडले. निधी आटत गेला, कामे रखडली. अशा वेळी दर अर्थसंकल्पात ‘यंदा किती तरतूद, किती खर्च, उरलेले काम कधी’ असे विचारणारा माणूस सभागृहात असावा लागतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकाशा देतो. जत, आटपाडी, मंगळवेढा, माण, खटाव या शेजारच्या दुष्काळी भागांनी दीर्घकाळ सत्ताधारी आमदार निवडून दिले, तरी त्यांचीही तहान लवकर भागली नाही. राज्याचे धोरण उंचावरच्या गावांना पाणी न देण्याचे होते, तोवर सत्तेजवळ बसून काही हाती लागत नव्हते. धोरणच बदलावे लागले, आणि ते बदलण्यासाठी सत्तेच्या जवळिकीपेक्षा सातत्य अधिक उपयोगी पडले.

‘आमचा आमदार निधी आणतो’ या अभिमानाचाही हिशेब मांडून पाहावा. महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ अशा सर्व ३६६ सदस्यांचा निधी एकत्र केला तरी तो १८३० कोटी होतो. २०२४-२५ चा राज्याचा अर्थसंकल्प ६ लाख कोटींच्या पुढे गेला. म्हणजे आमदार निधी हा राज्याच्या खर्चाचा एक तृतीयांश टक्काही नाही. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा एवढ्यावर आमदाराची पारख करताना उरलेल्या ९९ टक्क्यांहून अधिक पैशावर नजर ठेवण्याचे त्याचे मूळ काम आपण विसरून जातो. हा पैसा कुठे जातो, हे विचारण्याचा घटनादत्त अधिकार सभागृहाला आहे.

गणपतराव हा अपवाद आहे, त्यावरून नियम काढता येत नाही, असे कोणी म्हणेल. पण महाराष्ट्राच्या विधिमंडळाचा इतिहास तसे सांगत नाही. वि. स. पागे कधी रोजगार खात्याचे मंत्री नव्हते, ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला तिचाच आधार मिळाला. मृणाल गोरे विरोधी बाकांवरच्या आमदार. त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक आणले. १९८८ साली महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. देशभर पोहोचलेल्या या दोन गोष्टींची सुरुवात मंत्र्याच्या दालनात झालेली नाही.

गणपतरावांच्या कारकिर्दीला मर्यादाही आहेत आणि त्या झाकण्याची गरज नाही. सांगोल्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे आणि ते स्वतः त्या समाजाचे होते, त्यामुळे हे विजय जातीच्या गणिताचे आहेत, असे म्हटले जाते. या गणिताचा आधार त्यांना मिळाला, हे मान्यच करावे. मात्र तेच गणित असताना मतदारांनी त्यांना दोनदा घरी बसवले आणि दोन्ही वेळा ते पुन्हा लोकांत जाऊन परतले. केवळ जातीवर उभा असलेला नेता १९२ मतांनी पडल्यावर चार वर्षांनी वयाच्या सत्तरीत पुन्हा उभा राहत नाही. घराणेशाहीचा आक्षेप अधिक खरा आहे. २०१९ ला त्यांनी निवृत्ती घेतली तेव्हा उमेदवारी नातवाकडे गेली आणि ७६८ मतांनी जागा हातची निसटली. २०२४ ला दुसऱ्या नातवाने, डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी, ती परत मिळवली. पन्नास वर्षांत घराबाहेरचा वारस तयार झाला नाही, ही त्या कारकिर्दीची उणीव आहे. पक्षाचीही तीच गत. १९६७ ला शेकापचे १९ आमदार होते, २०१४ ला ३ उरले. एक चांगला आमदार मतदारसंघ सांभाळू शकतो, राज्यभराची संघटना एकट्याने उभी ठेवू शकत नाही. या उणिवांमुळे आमदारकीची त्यांची समज खोटी ठरत नाही. ती समज पुढच्या पिढीच्या हाती सोपवण्यासाठी संस्था लागतात, एवढेच त्या दाखवून देतात.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे : आज अधिवेशने लहान झाली, कामकाज गोंधळात वाहून जाते, पक्षादेशाखाली आमदाराचा आवाज दबतो आणि मतदारालाही लग्नाला, दहाव्याला हजर राहणाराच आमदार लागतो. हे सारे खरे आहे. पण यातला शेवटचा भाग आपल्या हातात आहे. विधिमंडळाच्या कामकाजाची नोंद उपलब्ध असते. आपल्या आमदाराने पाच वर्षांत किती प्रश्न विचारले, कोणत्या समितीत काम केले, कोणत्या विधेयकावर तो बोलला, कोणत्या आश्वासनाचा पाठपुरावा केला, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. ग्रामसभेत, प्रचारसभेत, स्थानिक वृत्तपत्रांत हा हिशेब मागितला जाऊ लागला, तर सभागृहात बसून राहण्याला किंमत येईल. मंत्रिपद न मिळालेल्या २४५ जणांना आपले काम कळण्याचा आणि मतदारांना आपला आमदार कळण्याचा यापेक्षा सरळ मार्ग नाही.