संयमाला शेजार लागतो

मनात उठलेली ऊर्मी आणि हातून घडलेली कृती यांच्यामध्ये विचाराला जागाच न उरणे, याला बोलीत उतावळेपणा म्हणतात आणि मानसशास्त्रात आवेगशीलता. रागाच्या भरात तोंडून गेलेला शब्द, गरज नसताना केलेली खरेदी, मोबाइलवर क्षणात उचललेले कर्ज, सकाळी शपथ घेऊन संध्याकाळी पुन्हा हातात आलेला पेला ही सारी त्याचीच रूपे होत. षड्रिपूंची कल्पना मराठी वाचकाच्या परिचयाची आहे आणि मनाला आवर घालण्याचा उपदेश संतवाङ्मयात पदोपदी भेटतो. ख्रिस्ती विचारातही आत्मसंयमाला मोठे स्थान आहे. मात्र तेथे या प्रश्नाकडे पाहण्याची जी एक रीत आहे, ती वाशीमसारख्या, ख्रिस्ती वस्ती अल्प असलेल्या जिल्ह्यात फारशी ठाऊक नसते. या रीतीप्रमाणे संयम ही एकट्या माणसाने स्वतःशी खेळायची कुस्ती मानली जात नाही. उतावळेपणाची किंमत बहुधा दुसराच कोणी मोजत असतो, म्हणून संयमाचा विचारही त्या दुसऱ्यापासून सुरू करावा लागतो.

याचे मूळ पहिल्या शतकात पौल या ख्रिस्ती प्रेषिताने लिहिलेल्या गलतीकरांस पत्रात सापडते. पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल दोन याद्या देतो: एक देहाच्या कर्मांची, म्हणजे ईश्वराकडे पाठ फिरवलेल्या मनुष्यस्वभावातून जे उपजते त्याची, आणि दुसरी पवित्र आत्म्याच्या फळाची, म्हणजे ईश्वराच्या सहवासात माणसात जे हळूहळू पिकते त्याची. पहिल्या यादीत व्यभिचार आणि मद्यपान आहेच, परंतु निम्म्याहून अधिक जागा वैर, कलह, मत्सर, राग, तट, फूट अशा गोष्टींनी व्यापली आहे, ज्या एकट्या माणसाला करताच येत नाहीत. दुसऱ्या यादीत नऊ गुण आहेत. तिचा आरंभ प्रीतीने होतो आणि शेवट इंद्रियदमनाने, म्हणजे आत्मसंयमाने होतो. हा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण प्रीतीपासून तुटलेला संयम पौलाला अभिप्रेत नाही. शिवाय जे करू नये असे वाटते तेच आपल्या हातून घडते, ही कबुली त्यानेच रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात दिली आहे. इच्छाशक्तीच्या मर्यादेची इतकी स्पष्ट नोंद प्राचीन धर्मग्रंथांत विरळाच असेल. ही मर्यादा ओलांडायला ख्रिस्ती विचार कृपेचा, म्हणजे माणसाने न कमावलेल्या ईश्वरी साहाय्याचा, आधार घेतो, आणि ही कृपा पुष्कळदा दुसऱ्या माणसांच्या रूपाने भेटते असे मानतो.

बायबलमधील उतावळ्या माणसांत पेत्राइतका जिवंत दुसरा कोणी नाही. येशूच्या या शिष्याचा स्वभाव आधी बोलण्याचा, आधी पाऊल टाकण्याचा. येशूला पकडायला लोक आले त्या रात्री त्याने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान छाटला, आणि योहानाच्या शुभवर्तमानाने त्या दासाचे मल्ख हे नावही नोंदवून ठेवले आहे. ज्यांच्या हुकमावरून ही अटक होत होती त्यांच्यापैकी कोणालाही इजा झाली नाही. घाव बसला तो हुकमाच्या ताबेदाराला. संतापाचा वार असाच खालच्या माणसावर उतरतो, आणि कार्यालयातला राग घरी बायकोमुलांवर निघतो तेव्हा हेच घडत असते. लूकच्या वृत्तांताप्रमाणे येशूने त्या कानाला स्पर्श करून तो बरा केला, म्हणजे स्वतःच्या अटकेच्या घटकेलाही त्याचे लक्ष किंमत मोजणाऱ्याकडे होते. तोच पेत्र काही तासांनी भीतीपोटी येशूला तीनदा नाकारतो आणि नंतर रडतो. तलवार आणि नकार या दोन्हींत परिस्थितीचा पहिला धक्काच त्याच्याकडून कृती करवून घेतो. धाडस आणि भित्रेपणा एकाच स्वभावातून कसे निघतात, हे येथे दिसते. पुढे पेत्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पत्रात विश्वासापासून प्रीतीपर्यंतच्या गुणांची जी साखळी येते, तिच्यात संयमाचा स्पष्ट उल्लेख आहे.

येशू स्वतः यरुशलेमच्या मंदिरात व्यापाऱ्यांवर रागावलाच होता, असा आक्षेप येथे निघू शकतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. परंतु मार्काचा वृत्तांत सांगतो की, येशू आदल्या संध्याकाळी मंदिरात गेला, त्याने सभोवार सगळे पाहून घेतले, आणि उशीर झाला म्हणून तो बेथानीस परतला; व्यापाऱ्यांना त्याने हाकलले ते दुसऱ्या दिवशी. मध्ये एक रात्र गेली होती. ख्रिस्ती विचार रागाला सरसकट पाप मानत नाही. त्या रागाने पाहण्यासाठी आणि थांबण्यासाठी वेळ घेतला का, आणि तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे तो विचारतो.

या थांबण्याची मांडणी तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने अत्यंत नेमकेपणाने केली. त्याच्या मते बुद्धीकडून कृतीकडे उतरताना मध्ये पायऱ्या असतात: मागच्या अनुभवाचे स्मरण, समोरच्या परिस्थितीची समज, पुढे काय होईल याची अटकळ, एका गोष्टीची दुसरीशी तुलना, आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकण्याची तयारी. या पायऱ्या सोडून वरून खाली झोकून देणे म्हणजे उतावळेपणा. शेवटची पायरी विशेष महत्त्वाची, कारण तिच्यामुळे सारासार विचार करण्याच्या कामात दुसऱ्या माणसाचा प्रवेश होतो.

वाशीमशी या विचाराचा संबंध येतो तो जॉन वेस्ली या अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशकाच्या वाटेने. वाशीम शहरात विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात चर्च ऑफ द नाझरीन या अमेरिकी मंडळीचे काम सुरू झाले आणि डॉ. ऑर्फा स्पायचर यांच्या पुढाकाराने तेथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. ही मंडळी वेस्लीच्या पवित्रीकरणाच्या शिकवणीतून निघाली आहे. पवित्रीकरण म्हणजे केवळ पापक्षमेवर न थांबता रोजचे वागणे, बोलणे आणि इच्छासुद्धा ईश्वराच्या प्रीतीने बदलत जाणे. दारू आणि तंबाखू यांच्याविषयीची या मंडळीची कडक भूमिका त्याच शिकवणीचा भाग आहे.

ही शिकवण आचरणात आणण्यासाठी वेस्लीला जे साधन सापडले ते एका कर्जाच्या निमित्ताने. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, आणि सुमारे बारा जणांमागे एक प्रमुख नेमून त्याने घरोघर जाऊन ती गोळा करावी अशी व्यवस्था झाली. दारात उभे राहिल्यावर प्रमुखांना घरातील भांडणे आणि व्यसने दिसू लागली, आणि वर्गणीची ही व्यवस्था लवकरच दर आठवड्याला एकत्र बसून परस्परांच्या जीवनाची विचारपूस करणाऱ्या लहान गटांत बदलली. या आठवड्यात कोणत्या मोहाला तोंड द्यावे लागले आणि त्यातून सुटका कशी झाली, हे माणसाने आपल्याला ओळखणाऱ्या दहाबारा जणांसमोर सांगायचे, अशी ती रीत होती. खाणकामगार आणि मजूर यांच्यात वेस्लीची मेथडिस्ट चळवळ रुजली, त्यात या गटांचा वाटा प्रवचनांइतकाच मोठा होता.

मात्र खुद्द वेस्लीने हे साधन एकदा बाजूला ठेवले. परस्परांच्या संमतीवाचून लग्न करायचे नाही असे त्याचे आणि चार्ल्स या भावाचे ठरलेले होते. १७५१ च्या फेब्रुवारीत लंडन पुलावरील बर्फावर घसरून वेस्ली जखमी झाला, मॉली वझेल या विधवेच्या घरी त्याची शुश्रूषा झाली आणि अवघ्या काही दिवसांत त्याने तिच्याशी लग्न उरकले. भावाचे मत त्याने विचारले नव्हते. तो संसार दुःखाचा झाला, आणि ज्याचा बहुतेक काळ घोड्यावरून प्रवासात जात असे अशा नवऱ्याच्या घाईची किंमत मॉलीनेही मोजली. शिस्तीच्या एवढ्या मोठ्या शिक्षकाकडून हे घडले, यामुळे त्याची शिकवण खोटी ठरत नाही. त्याने इतरांना जे सांगितले तेच त्याच्या आयुष्यात उलट बाजूने सिद्ध झाले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

मराठीत याच प्रश्नाचे सर्वांत समृद्ध चित्र रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारात मिळते. १८६१ मध्ये जन्मलेल्या टिळकांना तापट वडील लाभले होते. आई गेल्यावर त्यांनी लहानपणीच घर सोडून नाशिक गाठले. बुद्धी तेजस्वी, मन कवीचे, परंतु राग नाकावर आणि निर्णय तडकाफडकी. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी या स्वभावाचे जे वर्णन केले आहे त्यात तक्रार आहे, हसू आहे आणि अपार माया आहे. न सांगता घरातून निघून जाणे, भडकणे आणि लगेच विरघळणे, हातात आलेला पैसा समोरच्या गरजूला देऊन मोकळे होणे, हे सारे तेथे वाचायला मिळते.

टिळकांचे धर्मांतर मात्र या स्वभावाच्या खात्यावर टाकता येत नाही. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत. मधला काळ वाचनाचा आणि झगड्याचा होता. अक्वायनसच्या बहुतेक पायऱ्या टिळक उतरले होते. राहिली ती शेजारच्या माणसाची. हा निर्णय पत्नीला विश्वासात न घेता झाला, तिला त्या वेळच्या कर्मठ समाजात लहान मुलासह माहेरच्या आधाराने काही वर्षे काढावी लागली, आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेण्यापूर्वी तिने एकटीने जे सोसले ते कोणत्याही तत्त्वचर्चेने हलके होत नाही. विचारपूर्वक घेतलेला निर्णयही, ज्याच्या आयुष्यावर तो कोसळणार त्याला न विचारता घेतला, तर त्या माणसाला तो उतावळेपणासारखाच लागतो.

पुढे अहमदनगरला दुष्काळात आणि नंतरही टिळकांच्या घरी अनाथ मुले येत राहिली. ती आणणारी करुणा टिळकांची होती, आणि त्यांना जेवू घालण्याचे काम लक्ष्मीबाईंचे होते. टिळकांच्या चरित्राकडे भक्तिभावाने पाहणारे त्यांच्या औदार्याची थोरवी गातात आणि ती योग्यच आहे. परंतु औदार्याचीही ऊर्मी असते आणि तिचाही भार कोणीतरी उचलतो, ही गोष्ट त्या गौरवात हरवू नये. लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की, त्यांनी तो भार उचलला, वेळप्रसंगी नवऱ्याला खडसावले, आणि अखेर सर्व लिहून ठेवले. टिळकांच्या जीवनात वेस्लीच्या साप्ताहिक गटाचे काम बऱ्याच अंशी या एका बाईने केले.

आधुनिक मानसशास्त्रही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून लहान मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत: समोरचा खाऊ लगेच न खाता थांबलेल्या मुलाला नंतर जास्त खाऊ मिळे, आणि पुढे अशी मुले आयुष्यात अधिक यशस्वी होतात असा निष्कर्ष निघाला. परंतु २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात, घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला. त्याआधी २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील प्रयोगात मोठ्या माणसाने आधी एकदा शब्द पाळला त्या गटातील मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, आणि ज्या मुलांना दिलेला शब्द मोडला होता ती जेमतेम ३ मिनिटे. थांबण्याची शक्ती मुलाच्या मनाइतकीच दुसऱ्याच्या वचनावर अवलंबून असते, असे यातून दिसते, आणि विश्वास व आशा यांना संयमाचा पाया मानणाऱ्या ख्रिस्ती विचाराला यात आपली ओळख पटते.

वाशीम जिल्ह्यात या निष्कर्षाला फार प्रत्यक्ष अर्थ आहे. पावसाच्या भरवशावरील सोयाबीन दिवाळीच्या सुमारास बाजार समितीत जाते, वर्षाचा मोठा पैसा एकदम हातात येतो, आणि ज्या घराला पाऊस, भाव आणि पीकविम्याची रक्कम यांपैकी कशाचाच भरवसा उरलेला नाही, त्या घरातील माणसाला आजचा पैसा आज खर्चण्यापासून थांब असे सांगणे सोपे नाही. त्याला केवळ बेशिस्त म्हणणारा उपदेशक अर्धेच सत्य सांगतो, कारण दिलेला शब्द पाळणे हेही समाजाचे, बँकेचे आणि शासनाचे आत्मसंयमाच्या शिक्षणातील काम आहे. तसेच काहींची आवेगशीलता हा मेंदूशी निगडित आजार असतो, व्यसन तर निश्चितच आजार आहे, आणि तेथे प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा; वाशीमला रुग्णालय उभारणाऱ्या मंडळीला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

व्यसनाच्या क्षेत्रात हा विचार आज सर्वाधिक जिवंत आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत होती, आणि पुढे ती कोणत्याही एका धर्माची राहिली नाही. तिच्या बारा पायऱ्यांतील पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत ही कबुली, आणि आठवी व नववी पायरी म्हणजे आपण ज्यांना ज्यांना दुखावले त्यांची यादी करणे आणि शक्य तेथे त्यांची भरपाई करणे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेणाऱ्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो. नवऱ्याच्या उपचारांइतकीच तिच्या मनावर इतकी वर्षे साचलेल्या ओझ्याचीही तेथे दखल घेतली जाते.