कॅमदंडाच्या शिम-चकत्या

अंतर्ज्वलन-एंजिनातील कॅमदंडाची किंवा स्थिर खुंटीवर फिरणाऱ्या सुट्या कॅमची अक्षाच्या दिशेने होणारी हालचाल ठराविक मर्यादेत राहावी म्हणून त्याच्या टोकाशी बसविण्यात येणाऱ्या पातळ, मध्ये भोक असलेल्या चकत्या. त्या बहुधा कठिन केलेल्या पोलादाच्या असून त्यांचे पृष्ठभाग घासून सपाट केलेले असतात. जुन्या मोटारसायकलींच्या एंजिनांची पुनर्बांधणी करताना या चकत्या घालाव्यात की नाही, व घातल्यास किती जाडीच्या, हा प्रश्न वारंवार उद्‌भवतो. कॅम, बुश व एंजिनाची पेटी यांची झीज प्रत्येक एंजिनात निराळी झालेली असते, मूळचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि ॲल्युमिनियमची ओतीव पेटी एकदा खराब झाली की तिला पर्याय नसतो. त्यामुळे या क्षुल्लक वाटणाऱ्या चकतीविषयीचा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

शिम ही संज्ञा आणखी एका भागासाठी वापरतात. कावासाकी झेड-१ (१९७२) या चार सिलिंडरांच्या एंजिनात कॅम व झडप यांमधील फट जुळविण्यासाठी टॅपेटच्या माथ्यावर ०·०५ मिमी.च्या टप्प्यांनी वाढत्या जाडीच्या चकत्या बसवितात. तेथे चकती घालण्याविषयी विकल्पच नसतो, फक्त जाडी निवडावयाची असते. प्रस्तुत विवेचन अक्षीय मोकळीक नियंत्रित करणाऱ्या चकत्यांपुरते आहे.

कॅमदंडाला अक्षाच्या दिशेने थोडी मोकळीक असणे हा दोष नव्हे, ती आवश्यकच असते. दंडाची टोके ज्या पृष्ठभागांवर टेकतात तेथे वंगण तेलाचा पापुद्रा राहण्यास जागा लागते. मोकळीक शून्य केली, तर आच्छादनाचे स्क्रू आवळताना आच्छादन वाकते, त्यातील बुश किंचित तिरपे होते आणि टोकांशी धातू धातूवर घासू लागतो. तापमानाचा परिणाम मात्र अनेकदा समजतात त्याच्या उलट होतो. ॲल्युमिनियमाचा रेषीय प्रसरण गुणांक दर अंश से.ला सुमारे २३ दशलक्षांश, तर पोलादाचा सुमारे १२ दशलक्षांश असतो. म्हणून दोन टेकणाऱ्या पृष्ठभागांमधील अंतर ५० मिमी. असलेल्या एंजिनाचे तापमान ८०° से.ने वाढल्यास मोकळीक कमी न होता सुमारे ०·०४ मिमी.ने वाढते. एंजिन तापल्यावर कॅम जखडेल, या भीतीने भरमसाट मोकळीक ठेवण्याचे म्हणूनच कारण नाही. पण थंड अवस्थेत ती शून्य करून चालत नाही, कारण सुरुवातीच्या क्षणी तेल घट्ट असते व टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत ते पोहोचलेले नसते.

चकती घालावी की नाही, हे मुख्यतः कॅमदंड कशाने फिरविला जातो यावर अवलंबून असते. सरळ दातांच्या चक्रांमध्ये अक्षीय जोर जवळजवळ उत्पन्नच होत नाही. कॅम थोडा इकडेतिकडे सरकला, तरी त्याच्या रुंदीभर आकार एकसारखा असल्याने झडपांची वेळ बदलत नाही. रॉयल एनफील्ड बुलेटचे जुने, ओतीव लोखंडी सिलिंडर असलेले एंजिन याच प्रकारचे आहे. मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एनफील्ड इंडिया कंपनीने या रचनेची एंजिने अनेक दशके तयार केल्यामुळे भारतातील कारागिरांना ती सर्वाधिक परिचित आहेत. तीत दोन्ही कॅम आपापल्या दंतचक्रांसह पेटीत ठोकलेल्या स्थिर खुंट्यांवर फिरतात. दंतचक्रांच्या बाजूने येणारी खडखड थांबविण्यासाठी खुंट्यांवर चकत्या घालण्याची प्रथा आढळते, पण हा आवाज सहसा दातांमधील मोकळिकीचा किंवा झिजलेल्या बुशांचा असतो. त्यावर चकतीचा उपाय लागू पडत नाही. आवाज तसाच राहतो आणि कॅम मात्र विनाकारण आवळला जातो.

मळसूत्री दातांच्या चक्रांची गोष्ट वेगळी. वेलोसेटच्या एम मालिकेतील (पहिले एंजिन एमओव्ही, १९३३) टायमिंग चक्रे अशा दातांची होती. या चक्रांचा अक्षीय जोर दंडावरील भाराच्या दिशेनुसार उलटतो. झडप उघडताना चक्र कॅमला फिरविते, तर मिटताना झडपेची स्प्रिंग कॅमलाच पुढे ढकलते. त्यामुळे प्रत्येक उघडझापीला कॅम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकू पाहतो आणि मोकळीक जास्त असल्यास टेकणारे पृष्ठभाग ठोके खाऊन झिजतात. शिवाय सरकण्याबरोबर कॅम किंचित वळतोही. दातांचा कल २०° व चक्राची त्रिज्या ३० मिमी. धरल्यास ०·५ मिमी. सरकण्याने कॅम सुमारे ०·३५°, म्हणजे भुजादंडाच्या हिशेबाने सुमारे ०·७° वळतो. एवढ्याने शक्ती फारशी घटत नाही. मात्र झीज वाढत जाते. अशा एंजिनात योग्य चकती घालणे हीच खरी दुरुस्ती होय.

ज्या एंजिनांत चकती ही रचनेचाच भाग असते तेथे प्रश्न उरत नाही. फाब्यो तालियोनी यांनी आराखडा केलेल्या डुकाटीच्या ७५० जीटी (१९७१) या एंजिनात उभ्या दंडाच्या दोन्ही टोकांशी शंक्वाकार दंतचक्रांच्या जोड्या आहेत. प्रत्येक चक्र अक्षाच्या दिशेने नेमके कोठे बसावे, हे त्यामागील चकत्या ठरवितात, आणि एक चक्र बदलले तरी संबंधित सर्व जोड्या पुन्हा जुळवाव्या लागतात. जुन्या चकत्या कोठून निघाल्या याची नोंद न ठेवता एंजिन उघडणाऱ्याला हे काम फार महागात पडते. हार्ले-डेव्हिडसनच्या स्पोर्टस्टर (१९५७) एंजिनातील चार सुट्या कॅमपैकी प्रत्येकाची मोकळीक स्वतंत्रपणे तपासावी लागते.

मापन हा यातील सर्वांत महत्त्वाचा, व घाईत सर्वाधिक टाळला जाणारा भाग आहे. दंडाचे टोक बाहेरून हाती येत असल्यास डायल गेजने मोकळीक सरळ मोजता येते. ते आत झाकलेले असल्यास टेकणाऱ्या पृष्ठभागावर मऊ झाळतारेचा तुकडा ठेवून आच्छादन आवळतात, पुन्हा उघडतात व चपटलेल्या तारेची जाडी सूक्ष्ममापीने मोजतात. दोन्ही रीतींत जे गॅस्केट कायम राहणार आहे तेच घातलेले असले पाहिजे. पूर्वी कागदी गॅस्केट असलेल्या जागी केवळ लुकण लावून आच्छादन बसविले, तर ०·२ मिमी.च्या आसपासची मोकळीक कोणाच्या ध्यानात न येता नाहीशी होते. आच्छादनाचा सांधा घासून सपाट केला असल्यास तेवढीच भर आणखी पडते. चकतीवर पडणारा दोष कित्येकदा खरा या गॅस्केटचा असतो.

मोकळीक निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत असेल व टेकणारे पृष्ठभाग गुळगुळीत असतील, तर काहीही घालू नये. बुशाची कड खोलवर झिजली असल्यास बुश बदलणे श्रेयस्कर, कारण खाचा पडलेल्या पृष्ठभागावर ठेवलेली चकती सपाट बसत नाही. चकती घालावयाचीच झाल्यास अनेक पातळ चकत्यांऐवजी हव्या त्या जाडीची एकच घ्यावी. पत्र्यातून कात्रीने कापलेल्या चकतीची कड उचललेली असते, आणि फार पातळ चकती चुरगळून फाटल्यास तिचे तुकडे तेलाच्या पंपापर्यंत जाऊ शकतात. चकतीमुळे तेलाचे छिद्र किंवा खाच झाकली जात नाही, हेही पाहावे लागते. जोडणी पूर्ण झाल्यावर आच्छादन नेहमीइतके आवळून कॅम हाताने पूर्ण फेरीभर फिरवून पाहतात. कोठेही जड लागल्यास चकती काढून पुन्हा मापन करतात.