‘इन्डस्पायर’च्या खुर्चीत कोण?

कॅनडातील मूलनिवासी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी ‘इन्डस्पायर’ ही धर्मादाय संस्था. वाद्यवृंद-संचालक जॉन किम बेल यांनी १९८५ मध्ये ती कलावंतांसाठी काढली होती. आजचे नाव २०१२ मधले.

२००४ मध्ये मुख्य कार्यकारीपदी आल्या रॉबर्टा जेमिसन. मोहॉक या मूलनिवासी समाजातल्या. कॅनडात कायद्याची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या फर्स्ट नेशन्स (मूलनिवासी) महिला (१९७६), ओंटारियोच्या पहिल्या महिला लोकपाल (१९८९), ‘सिक्स नेशन्स’ या मूलनिवासी समुदायाच्या पहिल्या निवडून आलेल्या महिला प्रमुख (२००१). शाळेत शिकवण्याचा अनुभव? तो या यादीत नाही. या खुर्चीला सकाळी सरकारशी, दुपारी बँकांशी आणि संध्याकाळी वस्तीतल्या ज्येष्ठांशी बोलावे लागते, त्यामुळे लोकपालाची तालीमच जास्त कामाची ठरली असावी.

त्यांच्यानंतर माइक डिगॅन्ये आले, तेही मूलनिवासी. निपिसिंग विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. त्याआधी निवासी शाळांतील अत्याचारांतून वाचलेल्यांसाठी काम करणाऱ्या निधीचे प्रमुख. सरकार आणि चर्च यांनी चालवलेल्या त्या शाळांनी दीड लाखांवर मुले घरापासून तोडली. तेव्हा शिक्षणाच्या नावाने दारात कोण उभे राहते, याकडे पालकांचे बारीक लक्ष असणारच.