किचनर गावातले शीख सैनिकाचे थडगे

टोरांटोच्या नैर्ऋत्येला शंभरेक किलोमीटरवर किचनर हे शहर आहे. जर्मन वंशाच्या लोकांनी वसवलेल्या या गावाचे नाव १९१६ पर्यंत ‘बर्लिन’ होते. पहिल्या महायुद्धात ते खुपू लागले आणि गावाला ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचे नाव मिळाले. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते तेच हे किचनर. इथल्या माउंट होप दफनभूमीत प्रायव्हेट बुकम सिंग चिरनिद्रा घेत आहेत. महायुद्धांत कॅनडाकडून लढलेल्या शीख सैनिकाचे त्या देशातले हे एकमेव ज्ञात थडगे आहे.

बुकम सिंग यांचा जन्म १८९३ मधला, पंजाबातल्या माहिलपूरचा. लहानपणीच लग्न झाले आणि १९०७ मध्ये, जेमतेम चौदाव्या वर्षी, ते पोटासाठी ब्रिटिश कोलंबियात पोहोचले. त्याच वर्षी त्या प्रांताने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. पाठोपाठ १९०८ मध्ये नियम आला की, मायदेशाहून कुठेही न थांबता येणाऱ्यालाच कॅनडात प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून तशी थेट बोट नव्हती. म्हणजे दार बंदच. बायको गावीच राहिली. याच नियमामुळे १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ बोटीवरचे ३७६ हिंदी प्रवासी व्हँकूवरच्या बंदरात दोन महिने अडकले आणि बहुतेकांना परत पाठवले गेले.

पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, ऑन्टारियोत शेतमजुरी करणारे बुकम सिंग याच देशाच्या सैन्यात भरती झाले. त्या युद्धात कॅनडाच्या सैन्यात शीख होते ते जेमतेम दहाएक. विसाव्या बटालियनबरोबर ते फ्लँडर्सच्या खंदकांत लढले आणि १९१६ मध्ये दोनदा जखमी झाले. त्यांच्यावर उपचार झाले त्या लष्करी इस्पितळात ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ या कवितेचे कवी डॉ. जॉन मॅक्रे काम करत होते. मॅक्रे मूळचे किचनरशेजारच्या ग्वेल्फचे. पुढे बुकम सिंग यांना क्षयाने गाठले. कॅनडात परतल्यावर २७ ऑगस्ट १९१९ रोजी किचनरच्या फ्रीपोर्ट रुग्णालयात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. जवळ घरचे कोणी नव्हते. चितेऐवजी त्यांच्या वाट्याला परक्या गावची माती आली.

नंतरची कित्येक दशके हे नाव कोणाच्या ओठी नव्हते. ते परत आणले एका पदकाने. महायुद्धाच्या ‘व्हिक्टरी मेडल’च्या जाड कडेवर सैनिकाचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. इंग्लंडमध्ये विक्रीला आलेल्या अशाच एका पदकाच्या कडेवर इतिहास-अभ्यासक संदीपसिंग ब्रार यांना हे शीख नाव दिसले. लष्करी कागदपत्रांचा माग काढत ते माउंट होपपर्यंत पोहोचले. आता दर नोव्हेंबरात, युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, इथे शीख समाज आणि माजी सैनिक जमतात. गुरबाणीचे पठण होते आणि लाल पॉपीची फुले वाहिली जातात.

ज्यांना कॅनडाने ना मत दिले, ना संसार थाटू दिला, त्यांनी कॅनडासाठी जीव वेचला. हे ऋण नुसत्या समारंभाने फिटणारे नाही. शाळेतल्या इतिहासात बुकम सिंग हे नाव यायला हवे. आज किचनर-वॉटर्लू परिसरात शिकायला, नोकरीला आलेली मराठी मुले पुष्कळ आहेत. त्यांनी, आणि त्यांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांनी, नायगाराच्या सहलीतून थोडा वेळ काढून माउंट होपला जरूर जावे.