दोन धातूंमधला कागद

पावसाळा तोंडावर आला, की मुंबईच्या गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या होड्या किनाऱ्यावर घेतल्या जातात आणि दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. रंगकाम, शिडांची शिलाई ठरल्या वेळेत उरकते. अडते ते बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूपाशी. डोलकाठीवरचा एखादा भाग बदलायचा असतो आणि स्क्रू तसूभरही हलत नाही.

'गंजला असेल', असे आपण म्हणतो. पण पाहावे तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचा, लखलखीत! डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिलाही तांबडा गंज चढत नाही. मग हे दोघे एकमेकांना इतके घट्ट धरून का बसतात? दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि सोबत खारे पाणी, म्हणजे एक छोटीशी बॅटरीच. तिच्यात झिजते ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांमध्ये सिमेंटसारखी ठासून बसते. स्क्रू चकचकीत दिसतो म्हणून तसाच सोडून द्यावा, तर भोवतीचा पोखरलेला धातू भर समुद्रात, नेमका वारा वाढल्यावर दगा देतो.

अशा स्क्रूवर नुसता जोर काढला, की खाच बुजते किंवा डोके तुटून धड आत राहते. म्हणून जाणता कारागीर घाई करत नाही. खाच साफ करायची, आट्यांत झिरपणारे तेल सोडायचे आणि रात्रभर थांबायचे. सकाळी डोक्यावर हातोडीचे बेताचे ठोके द्यायचे, आतल्या भुकटीला तडे जातील इतकेच. तरीही हटला नाही, तर तेल पुसून भोवतालचे ॲल्युमिनियम तापवायचे. १०० अंशांनी तापवल्यावर मीटरभर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, स्टेनलेस स्टील सुमारे १.७. एवढ्या फरकाने पकड ढिली होते. मग किंचित आवळायचे, थोडे सोडवायचे, पुन्हा आवळायचे. ड्रिल हा शेवटचा उपाय.

हे दुखणे जुने आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला लोखंडी खिळ्यांनी तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा अनेक खिळे खाऊन गेलेले होते. काही मात्र बऱ्या अवस्थेत होते. पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद तिथे खिळा आणि तांबे यांच्यामध्ये राहून गेला होता! गॅल्व्हानीचे बेडकाच्या पायांचे प्रयोग प्रसिद्ध झाले ते पुढे १७९१ मध्ये. शास्त्राआधी कागदाने धडा दिला होता.

तो कागद आज वेगळ्या रूपात मिळतो. नवा स्क्रू बसवताना आट्यांना लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतले मेण, चोपडायचे. पट्टीखाली प्लॅस्टिकची पातळ चकती घालायची. या कामाला अर्धे मिनिट लागते. ते ज्याने वाचवले, त्याच्या पुढच्या माणसाचा अर्धा दिवस एका स्क्रूपायी जातो.