वेदनेवरच्या उपचारांचीही परीक्षा

देहूरोडहून कात्रजकडे जाणाऱ्या बाह्यवळण मार्गावर वारजे लागतं. तिथे १९९७पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदना, धाप, उलट्या आणि भीती यांची काळजी तिथे मोफत घेतली जाते. अनेकांना मात्र वाटतं, अशा ठिकाणी अगदी शेवटीच जायचं.

या समजुतीला धक्का दिला बोस्टनच्या डॉक्टरांनी. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट पाडले होते. निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचे दिवस सुसह्य झालेच, आयुष्यही वाढलं: मध्यक ११.६ महिने, इतरांचा ८.९.

आपल्याकडेही असंच होईल?

मुंबईच्या टाटा मेमोरियलने ते गृहीत धरलं नाही. तोंड, घसा, मान यांचा कॅन्सर बळावलेल्या १८० रुग्णांवर तिथे तशीच चाचणी झाली. तंबाखूच्या कृपेने हा आजार आपल्या चांगलाच ओळखीचा. जीवनमानात ठळक फरक दिसला नाही! तरीही तो निकाल छापला गेला, हे मोलाचं. परदेशी यश जसंच्या तसं इथे उतरेलच असं नाही, हे त्यातून कळलं.

तरी वेदना शमवायला शेवटापर्यंत थांबायचं कारण नाही. घरात कॅन्सरचा रुग्ण असेल, तर केमो चालू असतानाच डॉक्टरांना वेदनाशमनाबद्दल विचारा.